मिरीकरांचे उधन्यातले वकील

निंबाआण्णा बाविस्करांनी जन्मभर एकाच माणसाची वकिली केली आणि तो माणूस कधी जन्मालाच आला नव्हता.

रघुनाथ मिरीकर हे त्याचं नाव. जुन्या मराठी रहस्यकथांमधला गुप्तहेर. धोतर, वर काळा कोट, खिशात लवंगा. पिस्तूल नाही, मारामारी नाही. खून झालेल्या घरात शिरला की हा गृहस्थ दिवाणखान्याकडे ढुंकून बघायचा नाही. थेट स्वयंपाकघरात जायचा, पाटावर बसायचा आणि स्वयंपाकीणबाईंना विचारायचा, "आपण काय पाहिलंत?" मोलकरणीला आपण, गड्याला आपण, हमालालाही आपण. खिशात मावणाऱ्या चाळीसेक पुस्तकांत त्यानं चाळीसेक खुनी पकडले आणि त्यातला एकही गरीब निघाला नाही, असा आण्णांचा दावा होता. तो मी कधी तपासला नाही. तपासायचा म्हणजे चाळीसही पुस्तकं आण्णांच्या देखत वाचावी लागली असती, आणि ते पानापानाला मध्ये बोलले असते.

सुरतेत उधन्याच्या ज्या मिलमध्ये कापड रंगवून, छापून बाहेर पडतं, तिथं आण्णा तपासणीच्या टेबलावर होते आणि मी पलीकडे डिस्पॅचला कॉम्प्युटरवर. आम्ही मूळचे जालन्याचे, ते अमळनेरकडचे. पहिल्या आठवड्यात त्यांची अहिराणी ऐकून मला वाटलं, हे गुजराती बोलताहेत. त्यांनाही माझी भाषा ऐकून वाटलं की मी भांडतेय. पुढं वर्षानुवर्षं मध्ये फक्त एक काचेची खिडकी राहिली आणि त्यांची भाषा माझ्या कानात आपोआप मुरत गेली. बोलता कधी आली नाही.

तपासणीचं टेबल म्हणजे खालून उजेड असलेली मोठी काच. तिच्यावरून कापडाचा ताका सरकत जातो आणि डाग, तुटका धागा, सरकलेली छपाई दिसली की तिथं खूण करायची. बाकीचे लोक खूण करून मोकळे व्हायचे. आण्णा चौकशी करायचे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून डागाला विचारायचे, "कोनी करं रे हाई?" मग तो डाग छपाईच्या मशीनवर पडला, वाळवताना पडला की सुपरवायझरच्या चहाचा आहे, हे ते सांगायचे. बहुतेक वेळा तो चहाचा निघायचा. त्यामुळे सुपरवायझरचं त्यांच्यावर विशेष प्रेम होतं आणि त्या प्रेमापोटी त्यानं त्यांना कधी वरच्या जागेवर जाऊ दिलं नाही.

त्यांची तपासबुद्धी नेहमीच खरी ठरायची, असं मात्र नाही. एकदा आमच्या खात्यात डबे चोरीला जायला लागले. म्हणजे डबा जागेवर, आतली भाकरी आणि भाजी गायब. आण्णांनी हे प्रकरण स्वतःहून अंगावर घेतलं. तीन दिवस त्यांनी सगळ्यांची जबानी घेतली, एका ताक्याच्या लेबलावर वेळा मांडल्या आणि चौथ्या दिवशी, मिरीकरांच्या एका पुस्तकातली युक्ती म्हणून, एका डब्याच्या बाहेरून हळद चोळून ठेवली. दुपारी ओडिशाच्या प्रफुल्लची बोटं पिवळी दिसली. आण्णांनी सगळ्यांच्या समोर, मिरीकर शेवटच्या प्रकरणात करतो तसं, आधी पाच मिनिटं इकडंतिकडंचं बोलून मग बोट दाखवलं.

प्रफुल्ल हात बघत राहिला. तो नुकताच डाळभात खाऊन उठला होता. डाळीत हळद असते, हे मिरीकरांच्या लेखकाच्या लक्षात आलं नव्हतं आणि आण्णांच्याही नाही.

दुसऱ्या दिवशी गाठोड्यांच्या मागं पिवळ्या मिशांची एक मांजर सापडली.

मिल आठवडाभर हसली. आण्णा हसले नाहीत. त्या दुपारी ते आपला डबा घेऊन प्रफुल्लजवळ जाऊन बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी चुकलो. मेरी गलती. तेरा नाम लिया, वो गलत था."

प्रफुल्ल म्हणाला, "आण्णा, दो दिन हम घर पे फोन नहीं किया. माँ आवाज से पकड़ लेती, क्या बोलते उसको?"

आण्णांनी डबा उघडला, पण त्यांना काही जेवण गेलं नाही. त्यानंतर त्यांनी मिलमध्ये कुणाचाही तपास लावला नाही. कापडाच्या डागांपुरतं काम ठेवलं.

तर अशा माणसाच्या हयातीत दूरदर्शनवाल्यांना, म्हणजे दूरदर्शनच्या पुढच्या पिढ्यांना, मिरीकरांची आठवण झाली.

पहिल्यांदा झाली ती एका मराठी वाहिनीला. जाहिरातीत मिरीकर मोटरसायकलवरून आले. कातडी जाकीट, दंडावर वाघ गोंदवलेला, आणि लवंगांऐवजी तोंडात च्युइंगम. आण्णांनी नवागामच्या, म्हणजे सुरतेतल्या खानदेशी वस्तीतल्या, आपल्या खोलीत शेजारपाजारचे बोलावले, पुढं बसले आणि पहिल्या भागात एकच वाक्य बोलले, "हाऊ मिरीकर नही. हाऊ मिरीकरना जावई दिसस."

ते फारसं चुकले नव्हते. मालिका रोज संध्याकाळी होती आणि रोज खून करणं वाहिनीला झेपेना. म्हणून मिरीकरांना एक आई दिली, आईला सून हवी म्हणून सून दिली, सुनेला छळायला मावशी दिली. खून मध्येच कुठंतरी राहून गेला. आण्णा मिलमध्ये येऊन सांगायचे, "खून व्हयना दिवाळीले, पंचनामा आखाजीले." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशात लेकी माहेरी येतात तो सण. प्रेताचं काय झालं असेल या उन्हाळ्यात, ही काळजी आमच्या खात्यात फक्त आण्णांना होती.

शेवटी त्यांनी वाहिनीला पत्र लिहिलं. पोस्टात टाकण्याआधी मला वाचून दाखवलं म्हणून मजकूर लक्षात आहे:

"महोदय, आपण परवाच्या भागात श्री. मिरीकर यांचे लग्न लावले. मूळ पुस्तकांत ते अविवाहित आहेत व त्यांना कामातून सवड नाही. तरी कृपया लवकरात लवकर घटस्फोट घडवून आणावा व तपास पुढे सुरू करावा. तसेच ते साक्षीदारांना 'ए' म्हणतात. ते थांबवावे. आपला, निंबा बाविस्कर, तपासणी खाते."

वाहिनीचं उत्तर आलं, हे विशेष. रंगीत पाकीट, आत मिरीकरांचा सहीसकट फोटो आणि 'मिरीकर वहिनींसोबत हळदीकुंकू' या स्पर्धेचा अर्ज. आण्णांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, तो अर्ज भरून टाकला. त्यांना ती मालिका आवडायची. मिरीकरांची बायको सोशीक होती आणि तिच्या साड्या चांगल्या होत्या. सुरतेत राहणाऱ्या बाईनं दुसरं काय बघावं? आण्णांच्या घरात दोन आठवडे मिरीकर हा शब्द उच्चारला गेला नाही.

दुसऱ्यांदा मिरीकर हिंदीत आले, मोबाईलवर बघायच्या मालिकेत. यावेळी खून वेळेवर होत होते. उलट जरा जास्तच होत होते. पण मिरीकर दुःखी झाले होते. ते दारू प्यायचे, पावसात उभे राहायचे, लहानपणी कुणीतरी त्यांना विहिरीत ढकललं होतं ते सारखं आठवायचे. आणि सगळं अंधारात. पोलीस ठाणं अंधारात, दवाखाना अंधारात, भर दुपारचा बाजारही अंधारात. मुलीनं, ज्योतीनं, टीव्हीला मोबाईल जोडून दिला होता. आण्णा उठून पडद्याजवळ गेले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "यासना गावमा लाईट नही का?"

ज्योतीची सगळी शाळा गुजरातीतून झालेली. ती म्हणाली, "पप्पा, आने मूड कहेवाय."

"मूड शे तं मूडमा मारेल कोन शे तो तरी दिसू दे," आण्णा म्हणाले.

मी एकदा विचारलं, "आण्णा, इतका त्रास होतो तर बघता कशाला?"

त्यांनी हातातलं कापड थांबवलं. "ताई, आपल्या माणसाला कोर्टात उभं केलंय आणि आपण घरी बसायचं?"

मी कॉम्प्युटरकडं तोंड केलं.

मग तिसरी मालिका आली, आणि ती आमच्याच मिलमध्ये आली.

त्याचं असं झालं की मिरीकरांच्या पुस्तकांपैकी एकात गिरणीतला खून आहे. हिशेबनीस मरतो, सगळे एका कामगारावर संशय घेतात आणि मिरीकर भट्टीवरच्या माणसांशी बोलून बोलून शोधून काढतो की खून शेठच्या पुतण्यानं केला. आण्णांचं हे सर्वांत आवडतं पुस्तक. मुंबईच्या एका कंपनीला ही गोष्ट आजच्या सुरतेत घडवायची होती आणि आमच्या शेठनी मागची जुनी शेड त्यांना आठ दिवस वापरायला दिली. एक दिवस सकाळी गेटमधून चार गाड्या, दोन जनरेटर आणि केसांची शेंडी बांधलेला एक दिग्दर्शक आत आला. त्यानं भिंतींवरचे रंगाचे ओघळ बघून "वाह!" असं म्हटलं आणि माणसं लावून त्यांच्यावर आणखी रंग ओतला. खरी मिल पुरेशी मिलसारखी दिसत नव्हती.

यावेळचे मिरीकर बरे होते. वय झालेलं होतं, कोट होता. लवंगांच्या जागी इन्हेलर होता, पण तेवढं आण्णा सोसायला तयार होते. आणि त्यात दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाचा माणूस खात्यात येऊन विचारू लागला की इथं खानदेशी बोली चांगली येणारा कोण आहे. एका नटाला दोन-तीन प्रसंगांत ती बोलायची होती. सगळ्यांनी आण्णांकडं बोट दाखवलं.

तिसऱ्या दिवशी आण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. सुपरवायझरनं विचारलं, "कुणाचं लग्न?" आण्णा म्हणाले, "बोलीचा सल्लागार आहे मी आता. जरा आपण म्हणा." तो दिवस त्यांच्या आयुष्यातला सर्वांत चांगला असणार. दुपारपर्यंत होता, एवढंच.

दुपारी त्यांच्या हातात प्रसंगाचे कागद पडले. खानदेशी बोलणारा तो नट कामगार होता आणि खुनी तोच होता. शेवटच्या भागात तो शेठच्या पाया पडून कबुली देतो. पुतण्या निर्दोष. इतकंच नव्हे, तर पुतण्याचं मिरीकरांच्या मदतनीस डॉक्टरीणबाईशी जमतं.

आण्णा कागद घेऊन दिग्दर्शकासमोर गेले. डिस्पॅचच्या दारातून मला सगळं दिसत होतं.

"साहेब, पुस्तक में खूनी पुतण्या है. शेठ का भतीजा."

"हाँ अंकल, वो तो सबको पता है. ऑडियन्स को ट्विस्ट चाहिए."

"लेकिन मिरीकर गरीब आदमी को पकडता नहीं कभी."

"वही तो ट्विस्ट है!" दिग्दर्शक खूश होऊन म्हणाला. मग जरा आवाज उतरवून, आण्णांच्या खांद्यावर हात ठेवून त्यानं खरं कारण सांगितलं. शेठनी जागा देताना एकच अट घातली होती. गोष्टीत मालकाच्या घरचं कुणी वाईट दाखवायचं नाही. "और अंकल, बाहर से आया हुआ मजदूर, भाषा अलग, चुपचाप रहता है... लोग मान लेते हैं ना."

लोग मान लेते हैं. आण्णा हे चार शब्द ऐकून परत आले आणि टेबलाचा दिवा न लावताच कापड सरकवू लागले. दोन ताके तसेच गेले. त्यांच्या हातून डाग निसटलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

घरी काय झालं ते सुमनवहिनींनी मला नंतर सांगितलं. आण्णा जेवले नाहीत. वहिनी वैतागून म्हणाल्या, "सोडी दे ना काम. नाटकमाना खून शे. कोनी खरोखर मरेल शे का?"

आण्णा म्हणाले, "मरेल कोनीच नही. पन नाव कोनं लागनं?"

वहिनींना वाटलं, आता हे उद्यापासून जाणार नाहीत. पण दुसऱ्या दिवशी ते गेले, शर्टही तोच इस्त्रीचा.

त्या नटाला शिकवायचं काम आमच्या खिडकीबाहेरच्या बाकावर चालायचं. नट बिहारकडचा, पन्नाशीचा, अतिशय गरीब स्वभावाचा. त्याचा चेहरा मात्र देवानं घाईत केला होता. गालावर खड्डे, भुवया जाड, एक डोळा किंचित लहान. त्यानं आण्णांना सांगितलं की तो अकरा वर्षं या धंद्यात आहे आणि अकरा वर्षं खूनच करतोय. एकदा फक्त अपहरण केलं होतं. घरी तो गच्चीवर तुळशी लावतो. आण्णा त्याचं पाठांतर घेत होते, त्याला चहा पाजत होते, 'आपण' म्हणत होते.

कागदावरची कबुली हिंदीत होती. होय शेठ, मीच मारलं, तुमच्या पुतण्यामुळं मारलं, आता मला पळायचं नाही, अशा अर्थाची. ती आण्णांनी अहिराणीत करून दिली. नट डोळे मिटून घोकत होता:

"शेठ, तुना पुतन्यानीच मारं. आख्खं गाव जानस. माले फुकट उभं करेल शे."

मी बिलं टाईप करत होते. तिसऱ्यांदा ते वाक्य कानावर आलं तेव्हा माझी बोटं थांबली. शेठ, तुझ्या पुतण्यानंच मारलं. सगळ्या गावाला माहीत आहे. मला उगाच उभं केलंय.

मी खिडकीतून बघितलं. आण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि अगदी थंडपणे म्हणाले, "काम करा ताई. तुमनी बोली येगळी. तुमले काय समजस?"

मी काम केलं. भीती वाटली, हे खरं आहे. कुणाला तरी सांगावं असंही क्षणभर वाटून गेलं, कारण आण्णांची निवृत्ती दोन वर्षांवर होती आणि ज्योतीचं लग्न व्हायचं होतं. पण मी सांगितलं नाही. त्यात काही शौर्य नव्हतं. मला फक्त ते वाक्य त्या नटाच्या तोंडून पडद्यावर ऐकायचं होतं.

प्रसंग चित्रित झाला. नट शेठच्या पायावर कोसळला, असा काही रडला की दिव्यावाल्यानंही नाक पुसलं. शेठ, पुतण्या, मारं, हे तिन्ही शब्द दिग्दर्शकाला ओळखीचे होते आणि जागच्या जागी होते. त्यानं टाळ्या वाजवल्या. "क्या ऑथेंटिक है!" तो म्हणाला आणि आण्णांना मिठी मारली. आण्णांनी ती सुतकात असल्यासारखी स्वीकारली.

काही महिन्यांनी मालिका आली. वर्तमानपत्रात परीक्षणं छापून आली. त्यांत मिरीकरांच्या इन्हेलरमधल्या एकाकीपणाबद्दल लिहिलं होतं, आणि विशेष कौतुक होतं ते 'मातीतल्या अस्सल बोलीचं'. ज्यांनी ते लिहिलं त्यांच्यापैकी कुणालाच ती बोली येत नव्हती, म्हणूनच ती अस्सल होती.

शेवटचा भाग रविवारी दुपारी आण्णांच्या खोलीत लागला. मीही गेले होते. दारात, जिन्यात, खिडकीबाहेर, सगळीकडं माणसं. आण्णा मागं भिंतीला टेकून बसले होते. दर वेळी पुढं बसणारा माणूस. कबुलीचा प्रसंग आला. खाली इंग्रजीत अक्षरं उमटली की मी खून केला आहे. आणि वर तो नट धाय मोकलून म्हणाला, "शेठ, तुना पुतन्यानीच मारं..."

मग जिन्यातून एका म्हातारीचा आवाज आला, "बरोबर बोलना पोऱ्या!"

त्यानंतर जे हसणं सुरू झालं ते मी पुन्हा कुठं ऐकलं नाही. लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. ज्योती, जिला पप्पांची भाषा बोलायची लाज वाटायची, ती ते वाक्य मोठ्यानं म्हणून दाखवत होती. पडद्यावर पोलीस त्या निर्दोष माणसाला बेड्या घालत होते, मिरीकर खिडकीतून खिन्नपणे बघत होते आणि सगळा नवागाम ओरडत होता, "अरे, तो सांगी ऱ्हायना ना! आयका ना!"

आण्णा हसले नाहीत, पण त्यांनी सुमनवहिनींकडं बघितलं. वहिनींनी पदर तोंडावर धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

तेवढा तुकडा मोबाईलवरून शेजारच्या दिंडोलीत गेला, तिथून नंदुरबारला, धुळ्याला, जळगावला. लग्नाच्या वरातीत लोक तो वाजवायला लागले. मग तो मुंबईच्या कंपनीत पोचला आणि शेवटी, बातम्या सगळ्यांत उशिरा जिथं पोचतात तिथं, म्हणजे आमच्या शेठकडं.

शेठनी तो तुकडा मोठ्या आवाजात लावून सुपरवायझरला विचारलं, "आ शुं बोले छे?"

सुपरवायझर उत्तर प्रदेशचा. त्यानं खात्यातल्या खानदेशी लोकांना एकेक करून आत बोलावलं आणि त्या दिवशी मिलमध्ये मोठी दुर्घटना घडली: शंभरेक माणसं एकाच सकाळी आपली मातृभाषा विसरली. कुणी म्हणालं, आमच्या तालुक्यात असं बोलत नाहीत. कुणी म्हणालं, आवाज स्पष्ट नाही. एकानं तर तीनदा ऐकून, कपाळाला आठ्या घालून, "शेठ, ही बंगाली असेल," असं मत दिलं. मलाही बोलावलं. मी म्हणाले, "मी जालन्याची. आमच्याकडं अहिराणी नाही." ते खरंच होतं.

शेवटी आण्णांना बोलावलं. ते चष्मा पुसत आत गेले आणि दार उघडंच राहिलं.

"शेठ, मी सांगतो," ते म्हणाले. "तो म्हणतो, खून पुतण्यानं केला. मीच त्याला तसं शिकवलं. पुस्तकात तसंच आहे. नटाचा काही दोष नाही, त्याला अर्थ माहीत नव्हता."

शेठना पुतणे तीन होते आणि तिघंही वरच्या मजल्यावर बसत. मग त्यांनी सांगितलं की उद्यापासून यायचं नाही.

आण्णा बाहेर आले, चालू असलेला ताका शेवटपर्यंत तपासला, दोन डागांवर खुणा केल्या आणि डबा घेऊन निघाले. गेटपर्यंत त्यांच्यासोबत गेला तो प्रफुल्ल. बाकी आम्ही सगळे, ज्यांनी सकाळी इतक्या हुशारीनं भाषा विसरून दाखवली होती, आपापल्या जागेवर बसून राहिलो.

कंपनीनं महिन्याच्या आत ती चूक दुरुस्त केली. आता त्या प्रसंगात नटाचे ओठ एक बोलतात आणि आवाज वेगळ्याच कुणाचा तरी हिंदीत खून कबूल करतो. तुम्ही आज बघाल तर तुम्हाला खुनी कामगारच सापडेल. न्यायाचं काम असं चोख झालं.

पण त्या नटानं नंबर शोधून आण्णांना फोन केला होता. त्यावेळी मी सुमनवहिनींकडं लोणचं द्यायला गेले होते. आण्णांनी फोन बाहेर ऐकू येईल असा ठेवला. मला वाटलं, तो चिडलेला असेल. त्यानं आधी शांतपणे विचारलं की मी नेमकं काय बोललो होतो. आण्णांनी हिंदीतून शब्दाशब्दानं सांगितलं आणि म्हणाले, "आपको पूछे बिना किया. माफ करना."

पलीकडं तो हसायला लागला. "आण्णा," तो म्हणाला, "ग्यारह साल में पहली बार बेगुनाह निकला हूँ. मेरी बीवी को भी सुनाऊँगा."

आण्णांनी पुढं काही महिने इच्छापोरला एका कारखान्यात ठेकेदाराकडं काम केलं. गेटवर वहीत गाड्यांचे नंबर लिहायचे. तिथल्या उन्हानं आणि गुडघ्यांनी ते लवकर संपवलं. ज्योतीचं लग्न झालं, जावई सुरतेतच मिळाला, आणि आण्णांनी अमळनेरकडं परत जायचं ठरवलं. गेल्या हिवाळ्यात मी त्यांना उधना स्टेशनवर सोडायला गेले. भुसावळकडं जाणारी गाडी, दुपारची. सुमनवहिनी खिडकीशी बसून मला पापड कसे लाटायचे ते तिसऱ्यांदा सांगत होत्या. आण्णा समोरच्या बाकावर.

त्यांच्या शेजारी एक पस्तिशीचा माणूस कानात ते गोळे घालून मोबाईल बघत होता. मी बाहेरून वाकून पाहिलं. पडद्यावर काळा कोट. नवीन भाग सुरू झाले होते म्हणे. यावेळी मिरीकर लंडनला गेले होते.

आण्णांनीही ते पाहिलं. आधी त्यांनी मान दुसरीकडं फिरवली. मग चष्मा लावला. मग हळूच त्या माणसाला कोपरानं ढोसलं आणि म्हणाले, "भाऊ, जरा इकडे धरा ना."

त्यानं मोबाईल मध्ये धरला. कानातला एक गोळा काढून आण्णांना दिला. दोघं डोकं जुळवून बघू लागले. गाडी हलली. मी हात वर केला, सुमनवहिनींनी केला, आण्णांचं लक्षच नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते आणि एक बोट पडद्यावर रागानं आपटत होतं. डबा माझ्यासमोरून पुढं सरकता सरकता मला एवढंच दिसलं की त्या माणसानं मोबाईल बंद करून खिशात टाकला, मांडी घातली आणि आण्णांकडं पूर्ण वळून बसला.